नाण्यावरचा आकडा आणि नाण्याचा भाव

मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या निमित्ताने केंद्र सरकारने ७५ रुपयांचे नाणे काढले. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. चार धातूंची मिसळ: निम्मी चांदी, ४० टक्के तांबे, आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. म्हणजे नाण्यात चांदी साडेसतरा ग्रॅम. कायद्याच्या नजरेत हे नाणे ७५ रुपयांचे आहे. सराफाच्या नजरेत ते साडेसतरा ग्रॅम चांदीचे आहे, आणि तेवढीही तो सहजासहजी मान्य करणार नाही. ज्यांनी ते टांकसाळीकडे नोंदणी करून विकत घेतले, त्यांनी या दोन्ही रकमांपेक्षा जास्त पैसे मोजले.

एकाच चकतीला या तीन किमती. पहिली सरकार ठरवते, दुसरी जागतिक बाजार ठरवतो. तिसरी कोण ठरवते, हा प्रश्न अवघड आहे आणि या प्रकरणाचा बराचसा भाग त्यातच जाणार आहे.

आधी नाण्यांची जात ओळखून घेऊ. काही नाणी लोकांनी चांदीत पैसा गुंतवावा एवढ्याच हेतूने पाडली जातात. अमेरिकेचे ‘सिल्व्हर ईगल’ (१९८६ पासून), कॅनडाचे ‘मेपल लीफ’ (१९८८ पासून), ऑस्ट्रियाचे ‘फिलहार्मोनिक’ (२००८ पासून) ही या जातीची. त्यांना बुलियन नाणी म्हणतात. ती लाखोंनी निघतात आणि चांदीच्या भावाबरोबर वरखाली होतात. दुसरी जात स्मारक नाण्यांची. एखादी जन्मशताब्दी, एखादा वर्धापनदिन, एखादी इमारत हे त्यांचे निमित्त. भारतात मोठ्या दर्शनी किमतीची जी चांदीची नाणी निघतात ती बहुतेक याच जातीची. या दोन जातींचा संकरही होतो. दक्षिण आफ्रिकेच्या प्रसिद्ध क्रूगररँड या सोन्याच्या नाण्याला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१७ मध्ये, त्याचा पहिला चांदीचा अवतार निघाला आणि त्यावर पन्नाशीची छोटी खूण ठोकलेली होती. दुसरे महायुद्ध संपल्याला ७५ वर्षे झाली म्हणून २०२० मध्ये अमेरिकेने ७५,००० प्रूफ (म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या) सिल्व्हर ईगल नाण्यांवर तशीच एक बारीक खूण उमटवली. चांदी तीच, वजन तेच, चित्रही तेच. खुणेपुरता फरक आणि किमतीत मात्र मोठी तफावत.

धातूचा हिशेब सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी उरकू. वजन गुणिले टंच गुणिले भाव. आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसाला सांगितला जातो. हा औंस ३१.१०३५ ग्रॅमचा, स्वयंपाकाच्या पुस्तकांतल्या २८.३५ ग्रॅमच्या औंसाशी त्याची गल्लत करू नये. लंडनमध्ये १८९७ पासून मोजके व्यापारी एकत्र येऊन रोजचा भाव ठरवत असत. ती पद्धत ऑगस्ट २०१४ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक लिलाव आला. न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचे आणि आपल्याकडे एमसीएक्स या वायदेबाजाराचे आकडे दिवसभर हलत असतात. समजा, औंसाला ३० डॉलर भाव आहे आणि डॉलर ८५ रुपयांना मिळतो. २,५५० रुपयांना ३१.१०३५ ने भागले की ग्रॅमला ८२ रुपये येतात. त्यावर आयात शुल्क, जे जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. मग ३ टक्के जीएसटी. झवेरी बाजारातल्या गिऱ्हाइकाला ती चांदी साडेएकोणनव्वद रुपये ग्रॅम पडते. विकायला गेल्यावर जीएसटी परत मिळत नाही, हे पहिल्याच पायरीवरचे नुकसान बरेच जण हिशेबात धरत नाहीत.

वजनाकडे पाहताना मोठ्या नाण्याने फसू नये. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त निघालेले दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, पण ८० टक्के चांदीचे. त्यात चांदी १२ ग्रॅम. तीन वर्षांनी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपयांचे नाणे आले ते साडेबावीस ग्रॅमचे, पण निम्म्याच चांदीचे. म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. नाणे दीडपट जड झाले आणि चांदी कमी झाली. त्याच्याही मागे गेलात तर राणी छाप रुपया भेटतो: वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. आपल्या आज्या-पणज्या रुपये तराजूत टाकून सोने-चांदी जोखत, ते उगाच नव्हे. १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये ती पूर्णच जाऊन निकेल आले. आजच्या स्मारक नाण्यांतली ५०-४०-५-५ ही मिसळ म्हणजे त्या युद्धकालीन रुपयाचाच वारसा. अलीकडे मात्र रिवाज बदलतो आहे. रिझर्व्ह बँकेला ९० वर्षे झाली म्हणून २०२४ मध्ये निघालेले ९० रुपयांचे नाणे ४० ग्रॅमचे आणि ९९.९९ टक्के चांदीचे आहे.

हे शेवटचे दोन नऊ जाहिरातीत फार चमकतात. मेपल लीफ ९९.९९ टक्के, सिल्व्हर ईगल ९९.९ टक्के. एका औंसाच्या नाण्यात या फरकाने चांदी किती वाढते? सुमारे तीन शतांश ग्रॅम. साडेएकोणनव्वदच्या भावाने अडीच रुपये. त्यापायी कोणी शंभर रुपये जास्त मागत असेल तर ते शंभर रुपये चांदीचे नाहीत. चिनी पांडा नाण्याबाबत दुसरी सावधगिरी हवी. २०१६ पासून ते औंसाऐवजी ३० ग्रॅमचे झाले आहे आणि औंसाच्या हिशेबाने भाव लावणारा विक्रेता एक ग्रॅमहून अधिक चांदी वर काढतो.

आता दर्शनी किंमत. बुलियन नाण्यांवरची दर्शनी किंमत बहुधा नावालाच असते. सिल्व्हर ईगलवर १ डॉलर लिहिलेले आहे, मेपल लीफवर ५ डॉलर, फिलहार्मोनिकवर दीड युरो. मेक्सिकोच्या लिबर्ताद नाण्यावर तर आकडाच नाही. मग लिहायचा कशाला? कारण आकडा असला की ते कायदेशीर चलन ठरते आणि कायद्याचे काही फायदे चिकटतात. ब्रिटनमध्ये ब्रिटानिया नाणी चलन असल्याने ब्रिटिश नागरिकाला त्यांच्या विक्रीवरच्या भांडवली नफ्यावर कर लागत नाही. तोच नफा चांदीच्या लगडीवर झाला तर कराच्या कक्षेत येतो. अर्थात हा आकडा वाटेल तसा वाकवता येत नाही. लास वेगसमधल्या एका कंत्राटदाराने कामगारांचा पगार सोन्या-चांदीच्या नाण्यांत दिला आणि करासाठी उत्पन्न दाखवताना नाण्यांची फक्त दर्शनी किंमत धरली. २००९ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले.

दर्शनी किंमत खरी कामाला येते ती ती धातूच्या किमतीच्या जवळ असते तेव्हा. जर्मनी बरीच वर्षे दहा युरोची स्मारक नाणी काढत असे: १८ ग्रॅम, साडेब्याण्णव टक्के चांदी, आणि बँकेत ती दहा युरोलाच मिळत. चांदी चढली तर नफा गिऱ्हाइकाचा. उतरली तर नाणे बँकेत देऊन दहा युरो परत. असा सौदा सरकारने फुकट वाटावा, हे मला आजही नवलाचे वाटते. पण चांदी इतकी चढली की आतला धातूच दहा युरोच्या वर जाऊ लागला. मग २०११ पासून सर्वसाधारण नाणे तांबे-निकेलचे झाले आणि संग्राहकांसाठीच्या नाण्यातली चांदीही साडेबासष्ट टक्क्यांवर आली. कॅनडाने त्याच सुमारास उलटी शक्कल काढली. ७.९६ ग्रॅमचे शुद्ध चांदीचे नाणे, दर्शनी किंमत २० डॉलर आणि विक्रीची किंमतही २० डॉलर. ऐकायला जर्मनीसारखेच. फरक एवढाच की त्यातली चांदी २० डॉलरच्या कितीतरी खाली होती; लोकांचा सगळा भरवसा दर्शनी किमतीवर. पुढे बँका ही नाणी खात्यात भरून घ्यायला नाखूश दिसू लागल्या, तेव्हा त्या भरवशाला किती आधार आहे हे लोकांना उमगले.

आपल्या रुपयाची कथा यापेक्षा थरारक आहे. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने लोकांनी चांदी आणून रुपये पाडून घेण्याची मुभा बंद केली. त्यानंतर रुपयातली चांदी स्वस्त आणि रुपया महाग, अशी स्थिती होती. रुपयाचा दर १६ पेन्स ठरलेला होता आणि लंडनमध्ये चांदी औंसाला ४३ पेन्सच्या खाली असेपर्यंत रुपया वितळवण्यात काही फायदा नव्हता. पहिल्या महायुद्धात चांदीने ती रेषा ओलांडली. सप्टेंबर १९१७ मध्ये ती ५५ पेन्सला भिडली. नाणे वितळवणे फायद्याचे झाले, लोकांनी रुपये घरात दडवले, नोटा घेऊन रुपये मागणाऱ्यांची गर्दी वाढली. वितळवण्यावर बंदी आली आणि नोव्हेंबर १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट आली. लवकरच अडीच रुपयांचीही एक चमत्कारिक नोट निघाली.

तरी चांदी हवीच होती. ती आली अमेरिकेतून. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पिटमन कायदा केला. त्याखाली तिजोरीत पडलेले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यांतल्या सुमारे २६ कोटींची चांदी औंसाला १ डॉलर या भावाने हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत त्या डॉलरांचे रुपये झाले. कुणाच्या आजोबांच्या पेटीतल्या १९१८ सालच्या रुपयात एखाद्या अमेरिकन डॉलरची चांदी असणे अगदी शक्य आहे.

आणि इथेच तिसऱ्या किमतीचा प्रश्न उघडतो. अमेरिकेने कोणत्या वर्षाचे, कोणत्या टांकसाळीचे डॉलर किती पाडले, याची नोंद आहे. भट्टीत कोणत्या वर्षाचे किती गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे नोंदीत भरपूर दिसणारे एखादे वर्ष प्रत्यक्षात दुर्मीळ असू शकते. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ चा डॉलर याचे उत्तम उदाहरण. पाडले होते जवळपास ४५ लाख, पण बाजारात नवे कोरे नाणे जवळजवळ दिसतच नसे. सगळे पिटमन भट्टीत गेले असावेत, असा समज पक्का झाला. संग्राहकांच्या यादीत अशा नाण्याचा भाव दीड हजार डॉलरपर्यंत पोचला. मग १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून जुन्या डॉलरच्या पिशव्या बाहेर पडू लागल्या आणि त्यांत हेच नाणे न उघडलेल्या पिशव्यांमध्ये निघाले. काही महिन्यांत भाव कोसळला. ज्या संग्राहकाने वर्षभरापूर्वी हजार डॉलर मोजले होते, त्याच्या नाण्यातला एक कणही बदलला नव्हता.

आपल्याकडची एक गोष्टही याच जातीची. १९११ मध्ये पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक हत्ती होता. पण तो इतका बारीक कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. हिंदू-मुसलमान दोघांच्याही भावना दुखावल्या, नाणे मागे घेतले गेले, सुमारे ९४ लाखांपैकी बहुतेक पुन्हा वितळवले गेले आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट करून नवे रुपये आले. बाजारात सुटलेले थोडेसे रुपये आज ‘पिग रुपी’ म्हणून नावाजले जातात. याउलट, राणी छाप रुपयावर १८६२ साल पाहून जे हरखून जातात त्यांना सांगावे लागते की हे साल वर्षानुवर्षे साच्यावर तसेच ठेवले होते. १८७३ पर्यंत निघालेल्या रुपयांवर १८६२ च आहे. सगळ्यात जुने दिसणारे साल सगळ्यात सामान्य.

या सगळ्यातून माझे जे मत बनले ते थोडे कडवट आहे. टांकसाळीने जाहीर केलेली दुर्मिळता फार क्वचित टिकते. टिकते ती अपघाताने, दुर्लक्षाने किंवा भट्टीने घडलेली. ‘फक्त इतकीच नाणी’ असे प्रमाणपत्रावर छापून जे विकले जाते, त्यातले प्रत्येक नाणे पहिल्या दिवसापासून प्लास्टिकच्या डबीत सुरक्षित राहते. नष्ट कुणी करत नाही, हरवत नाही, आणि घेणारेही सगळे भाव चढण्याची वाट पाहणारेच असतात. अशा नाण्याला भाव येणार कुठून? नियमाला अपवाद आहेत, पण त्यांच्याकडे नीट पाहावे. १९९५ मध्ये सिल्व्हर ईगलला दहा वर्षे होत असल्याच्या निमित्ताने अमेरिकेने वेस्ट पॉइंट टांकसाळीत खास प्रूफ ईगल पाडले. ते सुटे मिळत नसे. सोन्याच्या चार नाण्यांच्या ९९९ डॉलरच्या संचाबरोबरच घ्यावे लागे. चांदी जमवणारे वैतागले, बहुतेकांनी पाठ फिरवली, आणि ३०,१२५ एवढीच नाणी खपली. आज त्या एका चांदीच्या नाण्याला हजारो डॉलर मिळतात. ते मौल्यवान झाले, कारण तेव्हा ते बहुतेकांना परवडले नाही.

बुलियन नाण्यांवरचा वरचा आकार, ज्याला बाजारात प्रीमियम म्हणतात, तो या दुर्मिळतेचा नसतो. तो दागिन्याच्या घडणावळीसारखा: पत्रा कापणे, ठसा मारणे, पेटीत भरणे, विमा, वाहतूक, विक्रेत्याचा नफा. अमेरिकन टांकसाळ बुलियन ईगल थेट सामान्य माणसाला विकत नाही. ठरावीक घाऊक व्यापाऱ्यांना ती ५०० नाण्यांच्या हिरव्या पेट्यांतून देते, आणि टांकसाळीचा आकार बरीच वर्षे नाण्यामागे २ डॉलरच्या आसपास होता. पण हा आकारही मागणीप्रमाणे फुगतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने चांदीचा भाव औंसाला १२ डॉलरपर्यंत घसरला. कागदावर चांदी स्वस्त. प्रत्यक्षात दुकानात ईगल २० डॉलरच्या खाली मिळणे मुश्कील. वायदेबाजारातले सौदे हजारो औंसांचे असतात आणि तिथे सगळे विकत सुटले होते. हातात घेण्याची एक औंसाची चकती मात्र प्रत्येकाला हवी होती, आणि त्यातच एप्रिलमध्ये वेस्ट पॉइंटची टांकसाळ काही दिवस बंद राहिली. तेव्हा ‘चांदीचा भाव काय’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते.

ओळखीलाही किंमत असते. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसाचे थालर हे नाणे तिच्या मृत्यूनंतर, १७८० हेच साल ठेवून, दीडशे-दोनशे वर्षे पाडले जात राहिले, कारण तांबड्या समुद्राच्या काठच्या व्यापाऱ्यांना तेच ओळखीचे होते. सम्राज्ञीच्या खांद्यावरच्या पदकातले मोती मोजून ते नाणे खरे की खोटे ते ठरवत. याच मागणीपायी १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीनेही पावणेदोन कोटींहून अधिक थालर पाडले. नाणी खरी होती का? ऑस्ट्रियाचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता, पण चांदी पूर्ण होती आणि चेहरा ओळखीचा होता. आजच्या ईगल किंवा मेपल लीफचेही तसेच. जगात कुठल्याही शहरात विक्रेता ते पाहताच ओळखतो आणि खरेदी-विक्रीच्या भावातले अंतर कमी राहते. हौसेने काढलेल्या, रंगीत, चमचमत्या, अनोळखी नाण्यांना तो फायदा नाही.

मग राहिली नाण्याची अवस्था. अमेरिकेत १ ते ७० गुणांची मोजपट्टी आहे आणि पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या संस्था नाणे तपासून प्लास्टिकच्या पट्टीत बंद करून देतात. जुन्या नाण्यांसाठी ही पद्धत फार उपयोगाची आहे. ६४ आणि ६६ गुणांत हजारोंचा फरक असतो. आधुनिक बुलियन नाण्यांवर तिचा वापर मला संशयास्पद वाटतो. जे नाणे टांकसाळीतून थेट डबीत गेले ते ७० गुणांचे निघाले यात विशेष ते काय? तरीही ‘७०’ या आकड्यासाठी धातूच्या दुप्पट-तिप्पट किंमत मोजणारे आहेत. मेपल लीफसारख्या नाण्यांवर कधीकधी पांढरे दुधी डाग उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. धातूचा भाव तोच राहतो, संग्राहक मात्र तोंड फिरवतो.

भारतीय नाण्यांत टांकसाळीची खूण पाहायला शिकावे. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईत संग्राहकांसाठी पाडलेल्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी रोमन ‘बी’ असे आणि १९९६ पासून ‘एम’ येऊ लागले. गांधी शताब्दीचे साधे दहा रुपये आणि त्याच नाण्याचे ‘बी’वाले प्रूफ यांच्या किमती वेगळ्या वाटेने जातात: साधे नाणे चांदीच्या भावाला चिकटून चालते, प्रूफ स्वतःच्या.

आपल्या घरांत जुन्या रुपयांचे सगळ्यात जास्त नुकसान लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी होते. पेटीतले राणी छाप बाहेर निघतात आणि चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन यांनी लख्ख घासले जातात. त्यांच्यावर शंभर-सव्वाशे वर्षांत चढलेला काळपट मुलामा हाच संग्राहकाला हवा असतो. घासलेल्या नाण्याची पृष्ठभागावरची बारीक नक्षी कायमची जाते आणि ते पुन्हा साध्या चांदीच्या भावावर येते. पूजा जरूर करावी, पण नाण्यांना पाण्याचा हात पुरे.

दिवाळीत सराफाकडे मिळणारी लक्ष्मी-गणपतीची ‘नाणी’ कायद्याने नाणी नव्हेतच. ती पदके. त्यांवर दर्शनी किंमत नाही, शुद्धतेची हमी विक्रेत्याची. म्हणून त्यांना वजन, टंच आणि घडणावळ एवढाच हिशेब लागू. उलट सरकारी नाणे कायद्याने चलन आहे; १ रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत स्वीकारणे बंधनकारक आहे, आणि २०११ च्या नाणे कायद्याने ती वितळवायलाही बंदी आहे. त्यामुळे पन्नास टक्क्यांची स्मारक नाणी विचित्र कोंडीत सापडतात. सराफाला ती गाळून चांदी काढायची सोय नाही. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी चार धातू वेगळे करण्याचा खर्च आहेच, म्हणून तो भाव पाडून मागतो. आणि संग्राहकाला ती फक्त बंद पाकिटात, प्रमाणपत्रासह हवी असतात. पाकीट एकदा फाडले की तिसरी किंमत गेली, आणि दुसरी कायदेशीर मार्गाने वसूल करणे अवघड.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी टांकसाळींनी अयोध्येच्या राममंदिराचे ५० ग्रॅमचे, ९९.९ टक्के चांदीचे रंगीत स्मृतिनाणे ५,८६० रुपयांना विक्रीला आणले. त्यावर दर्शनी किंमत नाही. त्या वेळी चांदी किलोला सत्तर-बहात्तर हजारांच्या घरात होती, म्हणजे आतली चांदी साडेतीन हजारांच्या आसपास आणि वरचा आकार साठ टक्क्यांहून जास्त. पुढे चांदी उसळली. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकन धनिक हंट बंधूंच्या साठेबाजीने औंसाला ५० डॉलरच्या उंबऱ्यापर्यंत नेलेली आणि मग दोन-अडीच महिन्यांत ११ डॉलरच्या खाली आदळलेली चांदी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विक्रमाच्या वर गेली, आणि भारतात तिने किलोला दीड लाखाचा आकडा ओलांडला. दीड लाखाच्या भावाने त्या नाण्यातली चांदी ७,५०० रुपयांची झाली. ज्याने ते घेतले त्याचे पैसे सुटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच ५,८६० रुपयांची जीएसटी भरून साधी चांदी घेतली असती तर ती सुमारे ७९ ग्रॅम मिळाली असती, आणि दीड लाखाच्या भावाने तिचे पावणेबारा हजारांच्या वर झाले असते. मधले सुमारे ४,३५० रुपये हा चित्राचा, रंगाचा, डबीचा आणि हौसेचा हिशेब. नाणे विकायला काढेपर्यंत तो कुठल्याही तराजूत दिसत नाही.